दिवेलागणीनंतरची सुई

आधी माफी मागून घेते. माझं अक्षर पाहून माझी मुलगी सुजाता म्हणाली, "आई, हे लिवलं का पिशवीतून मेथी सांडली?" ऱ्हस्व-दीर्घाचंही तसंच. पहिली वेलांटी कुठं आणि दुसरी कुठं, हे नीट समजायच्या आतच माझी शाळा चौथीत संपली. त्यामुळे जी वेलांटी हाताशी आली ती दिली आहे. रद्दीवाल्याकडून जुने दिवाळी अंक आणून मी वाचते. त्यात मोठमोठे डॉक्टर आणि साहेब आपल्या नोकरीच्या आठवणी लिहितात. माझ्या कामाबद्दल कोणी लिहिलेलं मला दिसलं नाही, म्हणून बसले लिहायला. छापायचं नाही. चारचौघांत कोणी नाव विचारलं तरी पदराचं टोक तोंडात घालणारी बाई मी, कोणाला दाखवणार?

माझं काम होतं नशा करणाऱ्यांना सुया वाटणं. बरोबर वाचलंत. वाटणं. पगारही मिळायचा.

समाजसेवेची हौस म्हणून मी या कामाला गेले, असं समजू नका. मी वसुलीला गेले होते.

त्याचं असं झालं. आम्ही अकोल्यात राहायचो, रेल्वे लाइनीच्या पलीकडे. घरामागं जिनिंग कारखाना. आमचे हे तिथं हमाल होते. पण कापसाचे दिवस इतके वाईट आले होते की ऐन हंगामातही कारखान्याचं अर्धं आवार रिकामं पडायचं. मालक पगाराऐवजी कधी कधी रुईच द्यायचा आणि वर उपकार केल्यासारखं तोंड करायचा. त्यात सुजाताचं लग्न ठरलं, भातकुलीकडच्या घरी. आंदणात गादी, रजई आणि उशा द्यायचं बोलणं झालं. रुई होतीच घरात. मी भिशीचे दीड हजार उचलले आणि हबीब गादीवाल्याकडे गेले.

हबीबभाई म्हणजे आमच्या भागातला सगळ्यात चांगला हात. बाप पिंजारी, आजा पिंजारी. त्याचे टाके असे सरळ पडायचे की शाळेतल्या पोरांनी त्यावर पट्टी ठेवून रेघा माराव्या. कापड, शिलाई सगळं धरून दीड हजार त्यानं इसार म्हणून आधीच घेतले. "बाई, गादी अशी देतो का जावई सकाळी उठनारच नाई," असं म्हणाला.

जावई रोज सकाळी उठला, कारण गादी आलीच नाही. दुकानाला कुलूप. रुई गेली, पैसे गेले, हबीब गेला. सुजाता रिकाम्या पलंगावर नांदायला गेली. पुढं मी भातकुलीला गेले की तिची सासू चहाच्या आधी विचारायची, "ईनबाई, तुमची गादी निंगाली म्हने अकोल्याहून. बैलगाडीनं येऊन राहिली का?"

आमच्याच गल्लीत लता सिस्टर राहायची. ती स्टेशनाजवळच्या एका केंद्रात नोकरीला होती. केंद्र कसलं, ते लोकांना सांगताना ती "आरोग्याचं" एवढंच म्हणायची. एक दिवस ती म्हणाली, "फुलाबाई, आमाले एक बाई पाहिजे. वस्तीत फिरनारी, कमी बोलनारी."

"काम काय?"

"नशेच्या पोट्ट्याइले सुया द्याच्या. जिनिंगच्या मांगं बसतात ना, ते. तुमचा हबीब बी तिथंच पडला असते."

मी पगार न विचारता हो म्हटलं.

हे काम काय असतं ते सांगते, कारण पुष्कळांचा गैरसमज होतो. ही नशा म्हणजे समुद्रापलीकडून जहाजानं आलेली पावडर नव्हती. दुखण्यावरची इंजेक्शनं होती, ओळखीच्या मेडिकलच्या मागच्या दारानं मिळणारी. घेणारे कोण, तर ऑटोवाले, हमाल, बंद पडलेल्या कारखान्यांतले लोक, एका मास्तराचा मुलगा. एक सुई चौघं वापरायचे. मग एकाच्या रक्तातला एड्स नाहीतर कावीळ चौघांत सारखी वाटली जायची. वाटणीत इतका प्रामाणिकपणा मी सख्ख्या भावांत पाहिला नाही. शिवाय जुनी सुई बोथट होते, घाण होते. तिनं हाताला गळू होतं, गळू चिघळतं आणि हात सडतो.

तर आपण रोज जायचं. नवी सुई द्यायची. जुनी परत घेऊन जाड प्लास्टिकच्या बरणीत टाकायची. जखम दिसली तर धुऊन पट्टी करायची. आणि कोणी स्वतःहून म्हणाला की आता पुरे, तर त्याला डॉक्टरकडे न्यायचं. उपदेश करायचा नाही. हा शेवटचा नियम मला फार आवडला, कारण उपदेशाला तोंड उघडावं लागतं.

नव्या सुया मी बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायची. द्यायची वेळ आली की सुई झाकणावर ठेवून झाकण पुढं सरकवायची. कोणाच्या हातात देत नसे. आमचे डॉक्टर पुण्याकडचे होते, अंगानं काडी आणि स्वभावानं भले. त्यांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं, "पाहा, फुलाबाई संसर्ग टाळण्याची किती काळजी घेतात." मी डब्याचं झाकण पुसत राहिले. आता सांगायला हरकत नाही. सुई हातात दिली की भांडण होतं असं माझी आई म्हणायची, म्हणून मी देत नव्हते. संसर्ग हा शब्दच मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

हबीब पहिल्याच दिवशी सापडला. कारखान्याच्या पडक्या भिंतीमागं चौघं-पाचजण बसले होते. हबीबनं वर पाहिलं, मला ओळखलं आणि "मर गये, गादीवाली बाई!" असं ओरडून जो पळाला, तो थेट रुळांपलीकडे. मी डबा घेऊन त्याच्यामागं. उभ्या आयुष्यात रस्त्यावर मोठ्यानं बोलले नाही, आणि त्या दिवशी पळत होते. मागून ऑटोवाला बबन हसून हसून लोळत होता. "ओ मावशी, आमाले त द्या! त्यालेच काहून देता?"

असं आठ-दहा दिवस चाललं. मी दिसले की तो पळायचा. शेवटी एक दिवस पळाला नाही, कारण पळायचं बळ राहिलं नव्हतं. उजवा हात कोपरापासून सुजून भोपळ्यासारखा झाला होता. मी झाकण पुढं सरकवलं. त्यावर एक नवी सुई.

तो झाकणाकडं पाहत राहिला. "पैशाचं नाई बोलत?"

"बोलीन. आधी हात दाखव."

त्या भागातल्या मेडिकलवाल्यापासून मशिदीतल्या मोठ्या माणसांपर्यंत सगळ्यांनी त्याला काही ना काही सुनावलं होतं. हात दाखव असं कोणी म्हणालं नव्हतं. त्यानं दाखवला. वासानं मी पदर नाकाला लावला. तशीच ओढत त्याला केंद्रात नेलं.

डॉक्टरांनी हात चिरून साफ केला आणि स्पष्ट सांगितलं. "अजून महिनाभर याच हातात जुनी सुई गेली, तर हात कापावा लागेल."

हबीबचा चेहरा पिंजलेल्या रुईसारखा झाला. "हात गया तो गादी कोन टाकेल? मुंडी टाकेल?"

"मग टोचू नका," डॉक्टर म्हणाले. "ते जमत नसेल तर नवी सुई घ्या. आणि दुसऱ्या हातात, दुसऱ्या जागी."

मला वाटलं, हे कसले डॉक्टर! हात वाचवायला सांगतात आणि टोचायला दुसरी जागाही दाखवतात. पण त्यांनी नंतर मला बसवून समजावलं. ज्या ज्या गावांत अशा सुया दिल्या, तिथं मोजून पाहिलं आहे. त्यामुळं नशा करणारे वाढले नाहीत, रोग मात्र कमी झाला. आणि जो माणूस रोज सुई घ्यायला येतो तोच पुढं कधीतरी उपचाराला येतो, कारण त्याची आपल्याशी ओळख झालेली असते. मला आकडे समजले नाहीत. मी एवढंच विचारलं, "म्हंजे मेल्यावर वसुली होत नाई, असंच ना?"

डॉक्टर इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. पुढं कोणी मोठे साहेब भेटीला आले की डॉक्टर मला पुढं करायचे, "फुलाबाई, आपलं धोरण सांगा." मी पदर तोंडात घालायची.

नळावरच्या बायकांना मात्र हे पटलं नाही. "फुला, तू त पोट्ट्याइले नशा शिकवून राहिली. उद्या दारूवाल्याले गिलास वाटजो." मी बादली भरली आणि निघाले. घरी येऊन चांगलं उत्तर सुचलं. माझं नेहमी असंच होतं. सुचलेली उत्तरं साठवली असती तर आज पोतंभर निघाली असती.

त्या वर्षांत बाहेरून गाड्या भरभरून लोक यायचे. खांद्याला कॅमेरे, पायात महागडे बूट. त्यांना फवारणीचं औषध पिऊन गेलेल्या शेतकऱ्याचं घर पाहिजे असायचं. एक गाडी वाट चुकून आमच्याकडे आली. त्यातल्या मुलीनं बबनला विचारलं, "तुम्ही शेतकरी का?" बबन म्हणाला, "नाई ताई, मी ऑटोवाला. मेलो त चालते का?" ती बिचारी गोंधळली. गाडी वळवून गेली. बबन दिवसभर तीच नक्कल करत होता. तो गेला तेव्हा कोणाचीच गाडी आली नाही. त्याची गोष्ट पुढं येईल.

हबीब नियमानं नवी सुई घेऊ लागला. सकाळी घ्यायचा, दुपारी घ्यायचा. तरी हात बरा होईना. जखम सुकायची आणि परत ओली व्हायची. डॉक्टर चिंतेत. महिना सरत आला होता. मला वाटलं हबीब सुया विकून खातो. मी तसं तोंडावर बोलले तेव्हा त्याला राग आला.

"मी गादी खाल्ली, बाई. सुई नाई खात."

"मंग हात काहून सडून राहिला?"

तो हाताची पट्टी ओढत बसला. त्याची बायको शमीम जखम बांधायला त्याच्यासोबत यायची. बारीक अंगाची, तिखट जिभेची. तिनंच भांडं फोडलं. "संध्याकाळची घेत नाई हा तुमच्यापासून. कालचीच पुरानी टोचते."

"संध्याकाळी मी असते की. काहून नाई मांगत?"

हबीब जमिनीकडे पाहत म्हणाला, "दिवेलागनीच्या टायमाले सुई मांगतात का कोनी? आमची अम्मी किराना दुकानात बी नाई मांगू द्यायची. घरातली बरकत जाते."

या माणसानं बायकोचे कानातले विकले होते, दुकानातली रुई पिंजायची कमान विकली होती, माझ्या मुलीची गादी गिळली होती. घरात बरकत म्हणून काही उरलं असेल तर ते एक कोळ्याचं जाळं. पण दिवेलागणीनंतर सुई मागायची म्हटल्यावर त्याला संस्कार आडवे येत होते! मग बाकीच्यांना विचारलं. सगळ्यांचं तेच. बबन म्हणाला, "अवं मावशी, तूच त सांज झाली का डबा बंद करते. आमाले वाटलं, तुले बी नाई चालत."

खरं होतं. दिवे लागले की माझा हात आपोआप डब्याच्या झाकणावर जायचा. मी स्वतः ते कधी पाहिलं नव्हतं.

डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी डोक्याला हात लावला. "संध्याकाळच्या सुया कमी का जातात, हे मी तीन महिने शोधतोय. मला वाटलं, संध्याकाळी नशा कमी होत असेल." मग त्यांनी मलाच विचारलं, आता काय करू या. तोडगा शमीमनं सांगितला. घरात दिवेलागणीला मिठाचं नाव घेत नाहीत, दुसरं काही म्हणून मागतात. तसं सुईचंही करा. "उदबत्ती म्हना."

ठरलं. दिवसा सुई, रात्री उदबत्ती. दुसऱ्या दिवशी दिवे लागले आणि हबीब भिंतीमागून आला. लाजत लाजत म्हणाला, "मावशी, एक उदबत्ती दे." बाई म्हणायचा तो मावशी म्हणाला आणि अहोजाहोही सोडली. मी झाकण सरकवलं. आठवडाभरात रोज संध्याकाळी रांग लागायला लागली. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, काय भाविक मंडळी आहेत.

या शब्दानं घोटाळेही केले. साठ्याचं काम पाहणारा मुलगा अमरावतीला बसायचा. त्याला मी फोनवर सांगितलं, "उदबत्त्या संपल्या, दोन खोकी पाठव." त्यानं खरोखरच दोन खोकी उदबत्त्या पाठवल्या. मोगऱ्याच्या. डॉक्टरांनी खोकं उघडलं आणि बराच वेळ नुसता वास घेत बसले. वरिष्ठांना काय कळवायचं हा प्रश्नच होता. त्या उदबत्त्या केंद्राच्या संडासात वर्षभर पुरल्या.

एकदा हवालदारानं मला गाठलं. जाडा माणूस, मिशा मोठ्या. "काय वाटून राहिली वं तू इथं? खबर आहे आमाले."

मी डबा पदराखाली घेतला. बबन मधे पडला. "उदबत्ती, साहेब."

"उदबत्ती? डबा उघड."

उघडला. त्यानं आत पाहिलं. माझ्याकडं पाहिलं. केंद्राचं ओळखपत्र माझ्या गळ्यात होतं. ते मी पुढं केलं. त्यानं वाचलं आणि म्हणाला, "सरकारी काम आहे त मंग उदबत्ती काहून म्हनता?"

"दिवे लागले ना, साहेब," मी कशीबशी बोलले.

त्यानं आकाशाकडं पाहिलं, डब्याकडं पाहिलं, आणि एक पाऊल मागं सरला. "बंद कर, बंद कर. माहीच बायको मले सांजेले सुई आनू देत नाई." आणि निघून गेला. पुढं कधी त्यानं आमच्या पोरांना सुईपायी मारलं नाही. कायदा पाहून थांबला की बायकोला घाबरून, माहीत नाही. काम झालं.

हबीबचा हात सुकायला लागला. दोन बोटं वाकत नव्हती, पण हात राहिला. मी पैशाचा विषय काढला. तो म्हणाला, "थांब, मावशी. दुकान उघडतो अन् गादीच देतो." मी म्हटलं, "गादी नको. नगद पाहिजे." का म्हटलं, ते मला तेव्हा माहीत नव्हतं.

आणि नेमकं तेव्हाच त्याच्या थोरल्या भावानं सगळ्यावर पाणी फिरवलं. भाऊ परतवाड्याला धंदा करायचा, घरात मोठा, शब्दाला मान. त्याला कोणी सांगितलं की केंद्रवाले तुझ्या भावाला सुया देतात. तो चार माणसं घेऊन आला, हबीबला गाडीत कोंबलं आणि तिकडच्या एका नशामुक्तीच्या ठिकाणी टाकलं. तिथं म्हणे साखळीला बांधायचे, थंड पाण्याची बादली ओतायचे आणि रडला तर पट्ट्यानं मारायचे. शमीम हातापाया पडली. भाऊ म्हणाला, "लाड बंद कर. आता आदमी बनून येईल."

डॉक्टर तेव्हा मला म्हणाले ते मी विसरले नाही. "फुलाबाई, तो बाहेर येईल त्या दिवशी लक्ष ठेवा. आत असताना शरीराची सवय मोडते. तलफ मोडत नाही. बाहेर येऊन माणूस जुनंच माप घेतो आणि ते शरीराला झेपत नाही. श्वास बंद पडतो." त्यांनी आम्हा सगळ्यांना रबराच्या बाहुल्यावर तोंडानं श्वास द्यायला शिकवलं. मी बाहुल्यालाही लाजले. सिस्टर म्हणाली, "अवं, तो काय तुमचं नाव सांगनार हाय का कोनाले?"

हबीब आला तो गोरागोमटा, केस कापलेला, भावानं दिलेला नवा शर्ट घातलेला. लोकांनी शमीमला पेढे मागितले. त्याच संध्याकाळी शमीम धावत आमच्या दारात आली. "मावशी, भिंतीमांगं पडला. ओठ निळे झाले."

मी डबा घेतला नाही, चप्पल घातली नाही. गेले. गर्दी जमली होती आणि जो तो सल्ला देत होता. कांदा हुंगवा. जोडा हुंगवा. तोंडावर पाणी मारा. हबीब पाठीवर पडला होता आणि छाती हलत नव्हती. शमीम सिस्टरला आणायला पळाली. बबनला म्हटलं, मान मागं कर. आणि मग माझ्या लक्षात आलं की बाहुला केंद्रात आहे आणि इथं हबीब आहे.

पन्नास माणसं पाहत होती. माझ्या वस्तीतली. नळावरच्या बायका होत्या. मी पदर कमरेला खोचला, त्याचं नाक दाबलं आणि तोंडाला तोंड लावलं.

त्या मिशा, तो विडीचा वास. प्रत्येक श्वासाच्या मधे मी बोलत होते, असं बबन नंतर सांगायचा. मला आठवत नाही. तो म्हणायचा, मी ओरडत होते, "पैसे दे, मंग मर! पैसे दे, मंग मर!" एवढ्या मोठ्यानं की रुळांवरचा गँगमन पाहायला आला. आयुष्यात तेवढ्याच एका दिवशी माझा आवाज लाइनीपलीकडे गेला.

सिस्टर आली. तिच्याकडं नशा उतरवणारं इंजेक्शन होतं, ते तिनं टोचलं. थोड्या वेळानं हबीबनं खडकन श्वास घेतला, डोळे उघडले, थरथरत उठून बसला आणि पहिलं वाक्य बोलला, "कोनी उतरवली बे माही?" नशेचा पैसा वाया गेला म्हणून त्याला राग आला होता! मग समोर मी दिसले. "या अल्ला. गादीवाली बाई."

शमीमनं त्याला आधी एक चढवली आणि मग मिठी मारली.

माझ्या आधी बातमी घरी पोचली. आमचे हे ओट्यावर बसले होते. नळावरची एक बाई त्यांना सांगत होती, "भाऊ, तुमची बायको साऱ्या दुनियेपुढं त्या गादीवाल्याच्या तोंडाले तोंड लावून राहिली होती." ह्यांनी विडी विझवली. माझ्याकडं पाहिलं.

"जित्ता हाय का?"

"हाय."

"पैसे देल्ले का त्यानं?"

"नाई."

"मंग ठीक केलं," म्हणाले, आणि जेवायला वाढ म्हणाले. एवढ्यावर आमच्या घरात तो विषय संपला.

त्यानंतर हबीब स्वतः म्हणाला की आता पुरे. डॉक्टरांनी त्याला जिभेखाली ठेवायची गोळी सुरू केली. रोज केंद्रात यायचं, सिस्टरसमोर गोळी ठेवायची, विरघळेपर्यंत बसायचं. तोंड उघडायचं नाही. त्याच्यासमोर बसायचं काम माझं. दोघंही गप्प. मला अशी नोकरी जन्मभर चालली असती. त्याचा भाऊ येऊन ओरडला, "ही बी नशाच! एक सोडून दुसरी!" डॉक्टर शांतपणे म्हणाले, "यानं तलफ शांत राहते, सुई लागत नाही, झिंग चढत नाही. तुमचा भाऊ दुकान उघडतोय. तुम्हाला अजून काय पाहिजे?" भाऊ तणतणत निघाला. पण जाताना त्यानं हबीबच्या हाती जुन्या बाजारातून आणलेली कमान ठेवली.

सगळ्यांचं असं झालं नाही. बबननं गोळी घ्यायला उशीर केला. आमची उदबत्ती सुरू व्हायच्या आधीच रोग त्याच्या रक्तात शिरला होता. सरकारी दवाखान्यात त्याला कॉटवर कोणी घेईना, व्हरांड्यात ठेवला. शेवटी शेवटी म्हणायचा, "मावशी, दिवेलागनीचं आधी सांगाले पाहिजे होतं ना वं आमी." मी मान हलवायची. अजून सांज झाली की तो आठवतो आणि मी देवापुढं नाही, त्याच्यासाठी एक खरी उदबत्ती लावते. मोगऱ्याची.

हबीबनं हप्ते सुरू केले. न वाकणाऱ्या दोन बोटांमुळं त्याला दाभण नव्यानं धरायला शिकावं लागलं. पहिले टाके नागमोडी आले. शमीम म्हणाली, "वा, गादीवर सापच काढले." पुढं सरळ आले. तो जमेल तशी दहा-वीसची नोट आणायचा आणि माझ्या डब्याच्या झाकणावर ठेवायचा, मी सुई ठेवायची तशी. दोनदा तो परत सुईकडं घसरला. घसरला की हप्ता चुकायचा आणि हप्ता चुकला की मी डबा घेऊन निघायची. सापडला की ओरडायची नाही. झाकण पुढं सरकवायची. त्यावर सुई असायची. तो ती कधी घ्यायचा, कधी खिशातली दहाची नोट काढून शेजारी ठेवायचा आणि माझ्यासोबत केंद्रात चालायला लागायचा. मी गादी नको, नगद पाहिजे असं का म्हटलं होतं, ते तेव्हा माझ्या ध्यानात आलं. गादी एका दिवसात आली असती आणि माणूस निघून गेला असता. सुजाताच्या सासूनं परत बैलगाडीचं विचारलं तेव्हा मी म्हटलं, "येऊन राहिली. बैल म्हातारे हायत." आयुष्यात वेळेवर सुचलेलं माझं हे एकच उत्तर.

पुढं आमचं केंद्र बंद झालं. गोळी सरकारी दवाखान्यात मिळायला लागली. मी घरी बसले. डबा स्वयंपाकघरात गेला, त्यात पापड ठेवते.

परवा सांजेला दारात हबीब उभा राहिला. केस पांढरे झालेले, खांद्याला रुई चिकटलेली. मागं शमीम. मी लाइट लावतच होते.

"शेवटचा हाय, मावशी," तो म्हणाला. हातात शंभराची नोट होती.

मी हात मागं घेतला. "दिवे लागले रे. या टायमाले घरातला पैसा कोनाले देऊ नये. उद्या आन."

"उद्या, उद्या करून तू मले किती वर्सं जित्ता ठेवलं. आता घे."

मी आत गेले. पापड ताटात काढले आणि डब्याचं झाकण घेऊन बाहेर आले. त्याच्यापुढं धरलं. तो हसायला लागला. शमीमही हसायला लागली.

"झाकन ठेव, मावशी. हातात घे. सुई नाई हे."

मी झाकण खाली ठेवलं आणि हात पुढं केला. त्यानं त्या दोन ताठ बोटांत धरलेली नोट माझ्या तळहातावर ठेवली. दीड हजार पूर्ण फिटले.